क्रोशाचे पैसे किती सांगायचे? (आणि दोन पोरं सांभाळून हे होतं का?)

निळीलोकर | १७ जून, रात्री ११:५२

पोरं झोपलीत, नवरा झोपलाय. एका टोपऱ्याची शेवटची ओळ दोनदा उसवून झाली आणि आता हे लिहायला बसलेय.

गोरेगावात वन बीएचके, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दोनची. मुलीच्या वेळेस नोकरी सोडली. क्रोशा आईने शिकवलेला, मी शाळेत असताना. गेल्या वर्षी नणंदेच्या बाळासाठी बाळंतविडा केला: कुंची, टोपरं, अंगडं, मोजे, एक छोटं पांघरूण. बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि तिथूनच सुरू झालं. "मलाही करून देशील ना गं?" तीन महिन्यांत अकरा ऑर्डरी. सोसायटीतल्या मुलांसाठी दोन हत्तीही केले.

काल हिशोब मांडला. अंगडं-टोपरं-मोजे असा सेट मी ५०० ला देते. त्यात १८० ची लोकर जाते. वेळ कधी मोजलाच नव्हता. या वेळी मोबाईलवर घड्याळ लावलं तर निघाले १४ तास. ३२० भागिले १४. तासाला धड तेवीस रुपयेही नाहीत. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई यापेक्षा कितीतरी जास्त घेतात, आणि घ्यायलाच हव्यात.

नवरा वाईट बोलला नाही, पण म्हणाला, "तुझा छंदच आहे ना, मग पैशांचं कशाला एवढं?" दुसऱ्याच दिवशी मामेसासूबाईंचा फोन: "नाहीतरी घरीच असतेस, चार टोप्या टाक करून." दोघं एकच गोष्ट बोलले हे मला रात्री भात उपसताना कळलं.

तर, दर कसा लावता? वेळ कुठून काढता? आणि परवाना-बिरवाना काही लागतो का?

जुईचीआई | १८ जून, सकाळी ७:१०

+१. मी फक्त हजेरी लावते. माझा दर तुझ्याहून वाईट असणार. काढलेला नाही आणि काढणारही नाही, रडू येईल.

खांबसाखळी | १८ जून, दुपारी २:३५

डोंबिवलीहून. आठ वर्षं हेच करतेय, म्हणून जरा लांबण लावते.

तू घड्याळ लावलंस हे सगळ्यात शहाणपणाचं केलंस. आता गणित उलटं कर. आधी तासाचा दर ठरव. माझा सध्या १०० आहे. लोकर, अधिक तास गुणिले दर, अधिक पिशवी-लेबलचे पैसे. या हिशोबाने तुझा सेट १,६०० च्या आसपास जातो. "कोण घेणार?" बरोबर, फारसं कोणी नाही. पण म्हणून तो ५०० ला द्यायचा नसतो, तो यादीतून खाली ढकलायचा असतो. ज्याला हवाच आहे तो १,६०० देतो. वर्षातून तीन-चार जण निघतात.

मग काय विकायचं? माझं घर गजऱ्यावर चालतं. क्रोशाचा मोगऱ्याचा गजरा. दोरा साधारण २५ चा, पॅकिंग १० चं, वेळ सव्वा तास. १२५ मजुरी धरली की १६० झाले, विकते १८० ला. लग्नसराईत आणि गौरी-गणपतीत पुरवता पुरवत नाही. पहिला गजरा केला तेव्हा अडीच तास लागले होते. पंधराव्यानंतर हात आपोआप चालतो, कळीला किती साखळ्या आणि किती खांब (हे क्रोशाचे टाके) ते मोजावं लागत नाही. म्हणून म्हणते, रोज नवीन डिझाइन करू नकोस. कौतुक नव्याचं होतं, पैसे जुन्याचे मिळतात.

आणि अर्धे पैसे आधी. नणंद असो की शेजारीण. लोकर आणायच्या आधी.

मुलुंडकर | १८ जून, संध्याकाळी ६:०२

रागावू नका, बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. तासावर दर लावला तर हळू विणणारीची वस्तू महाग होणार. गिऱ्हाईकाने तिच्या हळूपणाचे पैसे का भरायचे? आणि फोर्टात फुटपाथवर क्रोशाचं फूल शंभराला मिळतं. मशीनवर होत असणार. त्याच्याशी कशी टक्कर देणार?

खांबसाखळी | १८ जून, रात्री ९:४७

पहिला मुद्दा मान्य. म्हणून नवीन वस्तूचा दर पहिल्या नगावर काढायचा नाही, दहावा नग होईल त्यावर काढायचा. मधले नऊ आपलं शिक्षण, ते घरात वापरायचे नाहीतर भेट द्यायचे. (आमच्या घरात त्यामुळे पाण्याच्या बाटल्यांनासुद्धा स्वेटर आहेत.)

दुसरा मुद्दा मात्र चुकीचा. हाताने घालतो तसा क्रोशाचा टाका घालणारं मशीन कारखान्यांत नाही. दुकानात 'क्रोशे टॉप' म्हणून जे लटकतं त्यातलं पुष्कळसं मशीनवरचं विणकाम नाहीतर लेस असते, दिसायला तसं. पण फुटपाथवरच्या त्या फुलात खरोखर खांब आणि साखळ्या असतील तर ते कोणाच्या तरी हातांनीच झालंय. शंभरात दुकानदार, आणणारा, दोरा सगळे बसवा आणि मग त्या हातांना काय मिळालं असेल ते तुम्हीच मोजा.

गोदाकाठ | १८ जून, रात्री १०:२०

खांबसाखळी म्हणतेय त्याला जोडून. माझं सासर आंध्रातलं. पश्चिम गोदावरीतल्या नरसापूरच्या आसपास क्रोशाची लेस घरोघर होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवली, तेव्हापासून. माल परदेशी जातो, २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. बायका ओट्यावर बसून करतात, मजुरी नगावर, दोरा आणून देणारा मधला माणूस वेगळा. माझ्या सासूबाईंना विचारलं, तुम्ही काय काम करायचात? म्हणाल्या, काही नाही, घरीच असायचे. त्यांच्या बोटावर दोऱ्याचा घट्टा आहे.

चाळीतली_आजी | १९ जून, पहाटे ५:१५

मुलींनो, मी सत्तरीच्या पुढची. नातीने मराठी टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

आम्ही लालबागला. हे गिरणीत. १९८२ च्या जानेवारीत संप लागला आणि पगाराचा दिवस हा प्रकारच संपला. तोवर मी क्रोशा हौसेने करायची, रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, दाराला तोरण. मग शेजारणीने एका दुकानदाराकडे नेलं. तो दोरा तराजूत तोलून द्यायचा आणि झालेले रुमाल तोलूनच परत घ्यायचा. वजन कमी भरलं तर पैसे कापायचा. आता रुमाल धुऊन, कडक इस्त्री करून नेला की थोडं कमी भरणारच ना. म्हणून आम्ही न धुता न्यायचो, तर म्हणायचा मळलेत. डझनाचा भाव काय होता ते सांगत नाही, तुम्ही हसाल. पण त्यावर रेशन आलंय.

घरात मात्र तिघं लेकरं, आणि सासूबाई म्हणायच्या, सूनबाईंचा वेळ बरा जातो.

शेवंती_२ | १९ जून, सकाळी ११:३०

आजी, ___/\___

पण मी म्हणते चार जणी एकत्र येऊन का करत नाही? लिज्जतचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली होती.

चाळीतली_आजी | १९ जून, दुपारी १:०५

बाळा, लिज्जतचं पीठ एकीकडे मळलं जातं आणि बायका घरी नेऊन लाटतात. प्रत्येकीचा पापड सारखाच. क्रोशात माझा खांब घट्ट, तुझा सैल. दोघींनी मिळून एक अंगडं केलं तर एक बाही लांब आणि एक आखूड होईल. एकत्र या, पण लोकर विकत घ्यायला आणि स्टॉलचं भाडं वाटून घ्यायला. विणायचं आपापलं.

ताळेबंद | १९ जून, रात्री ८:४०

परवान्याचं कोणीच सांगितलं नाही म्हणून. पेशाने सीए, बायको क्रोशावाली, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद): आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकारी पोर्टलवर पूर्णपणे फुकट. सरकारी वाटावं असं पान करून त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे खूप आहेत, जपा. गुमास्ता (दुकान-धंद्याचा परवाना): मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. बँकेत धंद्याच्या नावाने खातं काढताना या दोन कागदांचा उपयोग होतो.

जीएसटी: महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको. राज्याबाहेर माल गेला की एरवी नोंदणी लागते, पण अधिसूचित हस्तकला वस्तूंना त्यात २० लाखांपर्यंत सूट आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, ते आपल्या सीएकडून बघून घ्या. मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडायचं तर नियम वेगळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर चालतं, राज्याबाहेर मात्र जीएसटी नंबर हवाच.

आता जे कोणालाच आवडणार नाही ते. निळीलोकर, तुम्ही हत्ती केलेत म्हणालात. विकलेत का?

निळीलोकर | १९ जून, रात्री ८:५५

हो, ३०० ला एक. का??

ताळेबंद | १९ जून, रात्री ९:१५

घाबरू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. कापडी, लोकरीची, सगळीच आली. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयात नोंदवलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यांच्याकडून कारागिराचं ओळखपत्र मिळतं, त्याला 'पहचान कार्ड' म्हणतात. अर्ज करून ठेवा. तोवर गजरे करा, गजऱ्याला काही नाही.

जुईचीआई | १९ जून, रात्री ९:२२

मी आत्तापर्यंत चाळीस ससे विकलेत. पाणी पिऊन येते.

दुपारची_झोप | २० जून, दुपारी ३:१०

वेळेचा प्रश्न राहूनच गेला. मला जुळे आहेत, आता पाच वर्षांचे, तेव्हा माझा अधिकार आहे.

क्रोशा आईपणासाठीच बनलाय असं माझं मत. दोन सुयांच्या विणकामात शंभर टाके सुईवर उघडे असतात, पोराने येऊन सुई ओढली की गेलं सगळं. क्रोशात एकच घर उघडं. त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि धावायचं. मी गळ्यातल्या मंगळसूत्राला दोन पिना कायम लावून ठेवते. ओळीचा आकडा मात्र लगेच लिहायचा, नाहीतर "आई शू झाली" नंतर सव्विसावी होती की सत्ताविसावी ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

कामाचे दोन ढीग करते. मोजायचं काम (पहिला गोल, वाढवा-घटवा, आकार) पहाटे पाच ते साडेसहा. डोळे झाकून होणारं काम, म्हणजे नुसत्या साखळ्या किंवा एकसारखे खांब, ते शाळेच्या गेटवर, पोहण्याच्या क्लासच्या कट्ट्यावर, गाडीत. विरारच्या लेडीज डब्यात बसून विणायला लागलं की दोन स्टेशनांत कोणीतरी विचारतंच, "विकता का?" माझी पहिली वीस गिऱ्हाइकं तिथली. फक्त ती बसायला जागा मिळण्याची अट मोठी आहे.

दोन वर्षांच्या मुलीला तिचा स्वतःचा गुंडा दे, जाड लोकरीचा, तुझ्याहून चांगल्या रंगाचा. नाहीतर तिला तुझाच हवा असतो. सुई आणि कात्री पत्र्याच्या डब्यात, डबा फ्रिजवर. आणि लहान बाळाच्या कुठल्याही वस्तूला प्लास्टिकचे डोळे किंवा मणी नकोत. दोऱ्यानेच डोळे भरायचे.

गिऱ्हाइकाला तारीख सांगताना एक आठवडा वाढवून सांग. जुलैत दोघांपैकी एकाला ताप येणारच आणि दुसऱ्याला तो पहिल्याचा उतरला की येणार.

शेवंती_२ | २० जून, रात्री १०:०५

माझीही एक चूक सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल. संक्रांतीला वाणासाठी एकीने ६० नग सांगितले, छोटे बटवे. खूश होऊन घाऊक सूट दिली. बारा दिवसांत करायचे होते. आठव्या दिवशी सकाळी कणीक मळताना उजव्या अंगठ्यातून अशी कळ गेली की परात खाली ठेवली. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे सुई बंद. उरलेले बावीस बटवे शिवलेल्या कापडाचे आणून दिले, तेही पदरचे पैसे घालून. आता अर्ध्या तासाने उठते, मनगट फिरवते, आणि मोठ्या ऑर्डरीला सूट देत नाही. साठ नग करताना माझा हात काही स्वस्त होत नाही.

खांबसाखळी | २० जून, रात्री १०:४०

शेवंती, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

लोकरीबद्दल एक राहिलं. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो, तो बघूनच सगळे गुंडे एकदम घ्यायचे. मी एकदा पांघरूण अर्धं झाल्यावर तोच 'पिस्ता' पुन्हा आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एकच दिसला, बाल्कनीत नेला तर पांघरुणाच्या बरोब्बर मध्यावर पट्टा. बटणं, मणी, लेसा भुलेश्वरला घाऊक स्वस्त पडतात, पण पोरांना घेऊन जाऊ नका, त्या गर्दीत एक हात पोराचा आणि एक पर्सचा, भाव करायला तिसरा उरत नाही.

पावसाळ्यात लोकर दिवाणात ठेवू नका, वास धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. चपलांच्या खोक्यांत मिळतात त्या मी जमवते.

मुलुंडकर | २१ जून, सकाळी ८:३०

बायकोला हा चर्चेचा धागा दाखवला. कपाटातून एक रुमाल काढून समोर ठेवला तिने, आमच्या लग्नात तिच्या आजीने दिलेला. तेवीस वर्षं मला तो विकत आणलेला वाटत होता. फोर्टच्या फुलाबद्दलचं मागे घेतो.

निळीलोकर | २९ सप्टेंबर, रात्री ११:३०

धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

जुलै ते सप्टेंबर. लोकर आणि पॅकिंग वजा जाता १४,३०० राहिले, घड्याळाने १५२ तास. तासाला ९४. खांबसाखळीच्या शंभराला पोचले नाही, पण तेवीसपासून निघाले होते. गजरे ४६ गेले, बहुतेक गणपतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत. सेट १,४०० ला लावला, दोनच गेले, दोघींनीही घासाघीस केली नाही. उरलेलं तोरणं आणि टोपऱ्यांचं.

वाईटही झालं. एक पार्सल पावसात भिजून गेलं, पांढरा गजरा पिवळट पोचला. पैसे परत केले. आता आत प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने बंद करते, मगच खोका. गणपतीच्या आठवड्यात मुलाच्या शाळेतून फोन आला की डब्यात दोन दिवस बिस्किटंच आहेत. ते ऐकताना हातात गजराच होता. तेव्हापासून सणाच्या आठवड्यात नवीन ऑर्डर घेत नाही. हत्ती बंद आहेत, कार्डाचा अर्ज केलाय.

नवऱ्याला वही दाखवली. त्याने दोनदा बेरीज केली. मग म्हणाला, पहाटे मी उठवतो मुलाला, तू बस. रोज नाही जमत त्याला. आठवड्यातून चारदा.

मामींना मात्र धीर करून सांगितलं: "मामी, टोपी आता ३०० ला देते. लोकर धरून." आठ दिवस फोन नाही. सासूबाई घरात माझ्याकडे न बघता बोलत होत्या. आज मामींचा ड्रायव्हर पिशवी देऊन गेला. आत जांभळी, चमकीची, टोचणारी लोकर चार गुंडे, आणि लग्नात आहेर देतात तसलं पाकीट, त्यात ३०१ रुपये. वर लिहिलंय 'चि. सौ. हिस, टोप्यांचे'.

टोप्यांचे. चार.

आता काय करू?

जुईचीआई | २९ सप्टेंबर, रात्री ११:४१

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

खांबसाखळी | ३० सप्टेंबर, सकाळी ६:५०

एक टोपी कर. उरलेले गुंडे पिशवीत घालून तिच्याबरोबरच परत पाठव. वरचा रुपया देवापुढे ठेव.